संमेलनात व्यासपीठावर सोफा हवाच का?

रंगावलीकाठ

जय ख्रिस्त, आणि इतर सगळ्यांना नमस्कार.

नवापूर तालुक्यात आमची छोटी मंडळी, म्हणजे चर्च, आहे. मे महिन्यात तीन दिवसांचं संमेलन असतं. आसपासच्या पाड्यांवरून पाच-सहाशे माणूस येतं, रात्रीच्या सभेला त्याहून जास्त. यंदा मंडपापासून जेवणापर्यंत सगळं तरुण संघाच्या गळ्यात पडलंय.

परवा मंडपवाल्याची यादी वाचत होतो. ताडपत्री, बांबू, माईक, हॅलोजन, आणि मग 'स्टेजसाठी महाराजा सोफा २, टीपॉय १, कूलर २'. संमेलनाचा विषय मार्क १०:४५, म्हणजे मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आला. आमच्यातल्या नर्सिंग शिकणाऱ्या पोरीनं विचारलं, "या वचनाच्या बॅनरखाली सोफा बरा दिसेल का?" सगळे हसले. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक वडीलधारे मात्र म्हणाले, "हसू नका. मान राहिला नाही तर मंडळी राहत नाही."

आता तीन सूचना पुढे आल्यात. सोफा नको, वक्त्यासाठी साधी खुर्ची बास. हारतुरे, शाल-श्रीफळ बंद. आणि पहिल्या दिवशी पाळक (पास्टर), पंच आणि पाहुणे वक्ते यांनी पंगतीत वाढायचं, स्वतः शेवटी जेवायचं.

पहिल्या दोन मला पटतात. तिसरीत थोडं नाटक वाटतं. तुमच्याकडे कसं असतं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, सत्कार आणि सोफे सगळीकडेच आहेत.

वरणबट्टी

सोफा काढा, कूलर ठेवा. मे महिन्यातली नम्रता कूलरशिवाय टिकत नाही.

लोकोशेड

मी भुसावळला रेल्वे कॉलनीत वाढलो. आम्ही ज्या चर्चला जायचो तिथे पुढचे दोन बाक अफसरांच्या कुटुंबांसाठी मोकळे राहायचे. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. मागे ड्रायव्हर, त्यामागे फिटर, गँगमन दाराजवळ. एकदा बदली होऊन आलेलं एक फिटरचं कुटुंब अजाणता पुढे जाऊन बसलं. एक गृहस्थ आले, वाकले, कानात काहीतरी पुटपुटले आणि ती चार माणसं सगळ्यांदेखत उठून मागे गेली. गाणं चालूच होतं.

माझे वडीलही फिटर. त्या दिवशी जेवायच्या आधी त्यांनी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून मोठ्यानं वाचला. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला 'तू तिकडे उभा राहा'. आम्हा पोरांना वाटलं, हे पत्र भुसावळच्या पत्त्यावरच आलंय.

म्हणून माझं मत, सोफा आहे की नाही यावर फार जाऊ नका. पाड्यावरून चालत आलेली एखादी थकलेली म्हातारी त्यावर टेकली तर तिला कोण उठवतं, एवढं बघा.

डोंगरवाट

थोडं उलटं बोलतो. राग मानू नका.

माझे आजोबा शहाद्याकडे सालदार होते. मालकाच्या ओट्यावर ते उभ्या आयुष्यात चढले नाहीत. अंगणात उकिडवं बसायचं, चहा वेगळ्या कपात, आणि पिऊन झाल्यावर तो कप आपणच विसळून गोठ्याच्या कोनाड्यात उपडा घालायचा. १९७१-७२ च्या सुमाराला अंबरसिंग महाराजांच्या मागे शहादा-तळोद्याचे आदिवासी उठले. लढा जमिनीचा होता, मजुरीचा होता, आणि माणसापुढे माणसासारखं बसता यावं याचाही होता.

माझे वडील पुढे पाळक झाले. एका गावी संमेलनाला त्यांना बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. आजोबा मंडपाच्या बाहेर बांबूला धरून बघत उभे. लोकांनी आत या म्हटलं, तरी येईनात.

आता शिकलेली पोरं म्हणणार खुर्ची काढा, नम्रता हवी. कुणाची? पुण्या-मुंबईचा वक्ता ताडपत्रीवर बसला की त्याचा फोटो निघतो. आमचा पाळक बसला की लोक म्हणतात, बसणारच, त्यात काय.

फिलिप्पैकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय बघा. देवाच्या बरोबरीचा असून त्यानं ते धरून ठेवलं नाही, स्वतःला रिकामं केलं, दास झाला. म्हणजे ज्याच्याकडे होतं त्यानं सोडलं. ज्याला कधी मिळालंच नाही त्याला 'सोड' सांगणं ही मालकाचीच भाषा झाली, मग ती शास्त्र हातात धरून बोला नाहीतर चाबूक. त्या वडीलधाऱ्या पंचांना मान म्हणजे नेमकं काय हवंय ते एकदा शांतपणे विचारा.

वरणबट्टी

डोंगरवाट, +१. कूलरवर मात्र ठाम.

अहिराणी_भो

सोफा ठेवा नहीतर काढा भो, पन जेवनआधीनी प्रार्थना लांबवू नका. पोटमा कावळा वरडतस.

रंगावलीकाठ

डोंगरवाट, त्यांना विचारतो. ते त्याच पिढीचे आहेत.

पण एक शंका राहतेच. मार्क १० मध्ये याकोब आणि योहान हे शिष्य प्रभूकडे मागतात ती खुर्चीच ना? एक उजवीकडे, एक डावीकडे. तेही मासे धरणारेच, कुठले जहागीरदार? मग प्रभू त्यांना 'बसा पोरांनो, तुम्हाला कधी मिळालं नव्हतं' असं का म्हणत नाही?

डोंगरवाट

त्यांच्या बापाच्या, जब्दीच्या होडीवर मजूर होते हो, मार्क १:२०. अगदीच उपाशी घरातले नव्हते ते. मत्तयानं तर आईलाच पुढे केलंय मागणी घेऊन, म्हणजे घरात वशिल्याची सवय दिसते.

पण प्रश्न बरोबर आहे. खालून वर आलेला माणूस बहुतेक वेळा आपल्या जुन्या मालकासारखाच बसायला लागतो. आवाज तसाच, हात मागे बांधणं तसंच. आमच्याकडे झालंय, नाव घेत नाही. प्रभूनं त्या दोघांना सांगितलं ते हेच असावं, की परराष्ट्रीयांचे अधिकारी धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं नको. आणि बाकीचे दहा चिडले ते काही तत्त्वासाठी नाही. यांनी आधी नंबर लावला म्हणून चिडले.

लोकोशेड

आणि लूकनं तर हे भांडण शेवटच्या भोजनाच्या मेजावरच घातलंय. भाकरी मोडून झाली, प्याला फिरला, आणि लगेच 'आपल्यात मोठा कोण'. कमिटीची मीटिंगच.

चुलीपुढची

तिसरी सूचना वाचून हसू आलं. पाळक आणि पंच एक दिवस वाढणार. छान. उरलेले दोन दिवस? आणि तिन्ही दिवस पहाटे चार वाजता चूल कोण पेटवणार?

मी आमच्या भगिनी मंडळात बरीच वर्षं आहे. संमेलन कुठल्याही विषयावर असो, आमचा विषय एकच, तांदळाच्या भाकरी. सभेतला संदेश आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येतो, तोही मिक्सर बंद असला तर. पुरुषांनी तासभर वाढलं की व्यासपीठावरून आभार, टाळ्या, ग्रुपवर फोटो. मागच्या खेपेला एका पाहुण्या भाऊंनी वरणाची बादली धरलेला फोटो तीन वेळा काढायला लावला, कारण पहिल्या दोनात डोळे मिटले होते. वरण गार झालं.

पाय धुण्याचा तेरावा अध्याय सगळे वाचतात. योहानाचंच एक पान मागे जा. बाराव्यात, वल्हांडणाच्या (यहुद्यांच्या सणाच्या) सहा दिवस आधी, बेथानीच्या मरीयेनं प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावलंय आणि केसांनी पुसलंय. मग तेराव्यात तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय पुसतो. मला नेहमी वाटतं, त्याच्या डोळ्यांसमोर तीच असणार. हे एका पाळकांना बोलले तर म्हणाले, "ताई, असं शास्त्रात लिहिलेलं नाही." नसेल. पेत्राच्या सासूचा ताप उतरला आणि ती लगेच उठून वाढायला लागली, हे मात्र लिहिलंय, आणि त्यावर सेवकपणाचा संदेश मी अजून ऐकलेला नाही.

रंगावलीकाठ, पंचांत बायका किती ते सांगा आधी.

रंगावलीकाठ

सात जणांत एक. तीही यंदाच निवडून आली.

चुलीपुढची

मग सोफ्याचं निवांत बघू.

हिंजवडी_रिटर्न

मूळचा चोपड्याचा, सध्या एचआरमध्ये. आमच्याकडे या कल्पनेवर कार्यशाळा होतात. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या माणसानं १९७० मध्ये सेवक-पुढारी या विषयावर निबंध लिहिला. स्वतः क्वेकर पंथाचा, आणि नोकरीचं आयुष्य एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत काढलेला. त्याची एक कसोटी मला कामाची वाटते. ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का, जास्त मोकळी, जास्त शहाणी झाली का, पुढे स्वतः सेवा करायला तयार झाली का? आणि समाजात जे सगळ्यात खाली आहेत त्यांचं त्यातून काय झालं?

त्यामुळे पंच वाढतात की नाही यापेक्षा, पाच वर्षांपूर्वी ताडपत्रीवर बसणारा कुणी आज पंच झालाय का, हे बघावं.

वरणबट्टी

आमच्या कंपनीतही सेवक-पुढारी आहे. शनिवारी आम्हाला कामावर बोलावतो, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून स्वतःही येतो.

फादरचा_भाचा

कॅथलिकांकडचं सांगतो. पुण्य गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी नियमाप्रमाणे बाराही पुरुष. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर रोमच्या बालसुधारगृहात गेले, तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत मुस्लिमही होते. पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. २०१६ मध्ये नियमच बदलला, आता स्त्रियाही चालतात.

आमच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं बारा जणांची यादी ठरलेली असायची. देणगीदार, शाळेच्या कमिटीवरचे, एक डॉक्टर. घरून साबणानं पाय घासून, पावडर लावून यायचे. फादरना धुवायला काही शिल्लकच नसायचं. मग एक नवे फादर आले. त्यांनी आदल्या रविवारी चिठ्ठ्या टाकल्या. एक चिठ्ठी निघाली जिनिंगमध्ये गासड्या उचलणाऱ्या हमालाची. तो थेट कामावरून आला, केसांत कापूस तसाच. टाचेला बोट जाईल अशा भेगा. फादरनी पाय हातात घेतला तर त्यानं झटकन ओढून घेतला. पुन्हा धरला, पुन्हा ओढला. शेवटी फादर हळू म्हणाले, "अरे, मलाही गुडघा दुखतोय, लवकर कर." तेव्हा कुठे त्यानं पाय सोडला. तपेलीतलं पाणी मातकट झालं. शेजारचे डॉक्टर छताकडे बघत होते.

पुढच्या वर्षी यादी पुन्हा जुनीच. फादरांची बदली झाली होती.

खरंखोटं

सेवा वगैरे ठीक आहे, पण सेवेच्या नावाखाली आदिवासी भागात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावरही बोला की.

संपादक_मंडळ

धर्मांतरावर दोन धागे आधीच चालू आहेत, तिथे लिहावे. इथे विषय मंडळीतल्या पुढारपणाचा आहे. या उपविषयावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

माउली_पारोळा

राम कृष्ण हरी. मी वारकरी, तुमच्या शास्त्रातलं मला कळत नाही. आमच्याकडे वारीत भेटलं की एकमेकांच्या पाया पडतात. साठ वर्षांचा बुवा वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडतो आणि पोरगं त्याच्या. तिथे कुणी कुणाला उपकार केल्यासारखं वागत नाही, कारण दोघंही वाकलेले असतात. आता दिंडीत मान, क्रम, झेंडा कुणाचा पुढे यावरून भांडणं होत नाहीत असं नाही. होतात, चांगली होतात. पण पाया पडणं सुटलेलं नाही.

आणि आपल्या खानदेशाला या बाबतीत सेवेचं उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालय त्यांच्याकडे होतं. मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, त्यांचे कपडे घड्या घालून ठेवायचे. मुलं शाळेतून आल्यावर बघायची तर खोली लख्ख. मग हळूहळू मुलांनाच लाज वाटायला लागली आणि ती आपली आपण झाडायला लागली.

डोंगरवाट

माउली, दोघंही वाकलेले, हे आवडलं. तळोद्याकडे १९३० च्या दशकात गुलाम महाराजांच्या आरतीला असंच व्हायचं असं आमचे म्हातारे सांगतात. लहानमोठं कुणी असो, एकमेकांना 'आप'च म्हणायचं. ज्यांना जन्मभर 'ए' ऐकायची सवय, त्यांना पहिल्यांदा कुणीतरी मान दिला, आणि तो आपल्यातल्याच माणसानं. दारूही सुटली पुष्कळांची.

वरणबट्टी

मधेच एक महत्त्वाचा प्रश्न. जेवणात काय आहे? भरीत असेल तर आम्ही जळगावहून निघतो, विश्वास असो नसो.

अहिराणी_भो

मे महिनामा भरीत? भरीतना वांगा हिवाळामा ऱ्हातस. जळगावना शे का पुनाना तू?

रंगावलीकाठ

उडदाची डाळ, तांदळाची भाकर, भात. शेवटच्या दिवशी कोंबडी. विश्वास नसला तरी या.

हिशोबनीस

मला या सगळ्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते, ती पैशाची.

एका मंडळीत मी होतो, गाव सांगत नाही. तिथले खजिनदार इतके नम्र की लाज वाटावी. सभा सुटली की स्वतः झाडू मारायचे, लहान पोरालाही हात जोडायचे, कधी खुर्चीवर बसले नाहीत. पण चर्चच्या बांधकाम निधीचा हिशोब सहा-सात वर्षं कुणी पाहिला नव्हता. कुणी विचारलं की दुसरेच धावून यायचे, "इतक्या नम्र माणसाला हिशोब विचारता?" त्यांनी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची सोयच नव्हती, आणि ती त्यांच्या नम्रतेनं बंद करून टाकली होती. सोफ्यावर बसणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात बारावा अध्याय बघा. म्हातारा शमुवेल सगळ्या लोकांपुढे उभा राहतो आणि विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाकडून लाच घेतली, सांगा, मी परत करतो. पौलानं यरुशलेमकरता वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्यानं नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कुणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात आहे. थैली ज्याच्या एकट्याच्या हातात होती तो यहूदा, आणि गरिबांची काळजी सगळ्यात मोठ्यानं तोच बोलला, तेही मरीयेच्या त्या तेलावरूनच.

मंडळीचा न्यास नोंदलेला असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे दर वर्षी हिशोब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावाच लागतो. तोच कागद मराठीत चर्चच्या दारावर लावा. पंचांची मुदत ठरवा. मग सोफ्यावर बसा नाहीतर पलंगावर झोपा.

चुलीपुढची

हिशोबनीस, यहूदाचं बरोबर पकडलंत. बाई तेल ओतते आणि खर्चावर टीका खजिनदार करतो. कमिटीत काही बदललेलं नाही.

धडगावचा_मेंढपाळ

मी पाळक आहे, सातपुड्यात. धागा पहिल्यापासून वाचतोय, आता राहवलं नाही.

सोफ्यावर बसल्यावर काय होतं ते आतून सांगतो. पहिली दहा मिनिटं अवघड वाटतं. मग बरं वाटतं. मग पुढच्या गावी प्लास्टिकची खुर्ची दिली की मनात येतं, यांना कळत नाही का? इतकं सोपं आहे ते. आणि एकदा माणूस वर बसला की त्याला प्रश्न विचारणं बंद होतं. "पाळकसाहेब, तुम्ही गेल्या महिन्यात आमच्या पाड्यावर का आला नाहीत?" हे माझ्या शेजारी जमिनीवर बसलेली बाई विचारते. हार घातलेल्या माणसाला कुणी विचारत नाही.

दुसरी बाजूही आहे. पाळकाचा पगार किती, कधी होतो, यावर कुणी संमेलन घेत नाही. रात्री दोनला फोन येतो, मोटारसायकल काढायची, सर्पदंशाचा पेशंट मागे बसवायचा आणि घाट उतरायचा. याला सेवा म्हणा, नोकरी म्हणा. पण 'सेवक आहे ना, मग मागतो कशाला' हे वाक्य मी ऐकलंय, आणि बोलणारे माझेच पंच होते. सेवकाचं भाडं, सेवकाच्या मुलाची फी, यात मंडळी नम्र व्हायला तयार नसते. डोंगरवाट म्हणतात ते इथे लागू होतं.

आमच्या भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले, १९४९ पासून त्यांचंच नाव टीम. पुढारी कसा असतो हे आमच्या वाडवडिलांनी त्यांच्याकडे बघून शिकलं, आणि दोन प्रकारचं शिकलं. एक बंगला, व्हरांडा, खाली उभे राहिलेले लोक. दुसरा दवाखाना, जखम धुणारे हात. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून चालू आहे. आमच्यातले काही पाळक व्हरांडा शिकले, काही दवाखाना. पेत्राच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात वडिलांना सांगितलंय की कळपावर धनीपण करू नका, कळपाला नमुना व्हा. कळप बघतोय हे त्यात गृहीतच आहे, म्हणून नाटकाची भीती पूर्ण जाणार नाही. रंगावलीकाठ, तुमची तिसरी सूचना नाटक वाटली तरी एक वर्ष करून बघा. वाढता वाढता माणूस पंगतीतले चेहरे बघतो, ते स्टेजवरून दिसत नाहीत. हॅलोजन डोळ्यांवर असतो.

लोकोशेड

पाळकसाहेब, घाटात सांभाळून.

खरंखोटं

सर्पदंशाच्या पेशंटला रात्री नेणाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाकीचं त्या दुसऱ्या धाग्यावर.

हिंजवडी_रिटर्न

धडगावचा_मेंढपाळ, पगाराचा मुद्दा कार्यशाळेत कधीच येत नाही. तिथे सेवक-पुढारी म्हणजे गलेलठ्ठ पगाराचाच माणूस असतो.

रंगावलीकाठ

काल मीटिंग झाली, सांगतो.

त्या वडीलधाऱ्या पंचांकडे आधी घरी गेलो होतो. मान म्हणजे काय, विचारलं. बराच वेळ बिडी वळल्यासारखी बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, "सोफा मला नकोच. दर वर्षी बाहेरच्या पाहुण्याला सोफा आणि आपल्या पाळकाला कडेला प्लास्टिकची खुर्ची, ते मला खुपतं. द्यायचं तर दोघांना सारखं द्या." आम्ही सगळे उलटंच समजून बसलो होतो.

मग ठरलं ते असं. सोफा रद्द. स्टेजवर तीन सारख्या खुर्च्या. त्याच खुर्च्या खाली पन्नास, म्हाताऱ्या माणसांसाठी आणि लेकुरवाळ्या बायांसाठी. सत्कार बंद, यावर दोन पंच नाराज आहेत, त्यातल्या एकानं शाल आधीच आणून ठेवली होती. हिशोब शेवटच्या दिवशी सभेत वाचायचा, यावर खजिनदार लगेच हो म्हणाले, मला आश्चर्य वाटलं. पाळकांच्या पगाराचा विषय मी काढला तर एकदम शांतता. पुढच्या मीटिंगवर ढकललाय.

वाढण्याचं तिन्ही दिवसांचं वाटप चिठ्ठ्यांनी, पुरुष-बाया दोघांच्या. पाहुणे वक्तेही चिठ्ठीत. आणि नव्या निवडून आलेल्या पंचबाईंनी सांगितलं, वाढायला सगळे येतील, भांडी घासायच्या वेगळ्या चिठ्ठ्या करा. पहिल्या रात्रीची चिठ्ठी आमच्या अध्यक्षांची निघाली.

डोंगरवाट

सारख्या खुर्च्या बरोबर. पण पगार ढकलला हे मला बरं वाटलं नाही. सोफा काढणं फुकट होतं, म्हणून लगेच झालं.

हिशोबनीस

सहमत. सोफ्याचं वाचलेलं भाडं आणि शालींचे पैसे त्याच सभेत वाचून दाखवा, आणि पुढे पगाराचा आकडाही वाचा. लोकांनाच ठरवू द्या.

धडगावचा_मेंढपाळ

अध्यक्षांना भांडी घासू देतील का भगिनी मंडळाच्या बाया? आमच्याकडे मी एकदा भाताचा गंज घासायला बसलो तर चौघींनी हातातून काढून घेतला.

चुलीपुढची

नाही काढून घेणार, तुम्ही फक्त नीट घासा. अध्यक्षांना निरोप द्या, भाताचा गंज रिकामा झाला की लगेच पाणी ओतून ठेवायचं. करपलेलं असेल तर रात्रभर भिजू द्यायचं, पहाटे चारच्या आत घासून हवा, कारण चहा त्यातच ठेवतो आम्ही. राख आणि नारळाची शेंडी चुलीमागच्या डब्यात आहे. तारेची घासणी लावू नका, कल्हई जाते.